मघाचा हात

आमच्या पेठेतल्या त्या दवाखान्यात शिरलं की आधी डॉक्टर दिसत नसत, पेशंटही दिसत नसत. दिसायच्या चपला. भिंतीला छातीइतक्या उंचीवर एक लांब फळी ठोकलेली होती आणि तिच्यावर ओळीनं चपला मांडलेल्या असत. प्रत्येक जोडातली एकच, तीही डावी. जाडजूड कापशी घाटाची, करकर वाजणारी नवी कोरी, टाच झिजून पापुद्र्यावर आलेली, लाल गोंड्याची बायकांची. जणू माणसं एका पायानं भिंतीतून पलीकडं निघून गेली आणि चपला तेवढ्या अलीकडं राहिल्या. मी पहिल्यांदा ती फळी पाहिली तेव्हा चांगला बाविशीचा बाप्या होतो, गल्लीच्या गणपतीत दरवर्षी नाटकातला खलनायक करत होतो, आणि तरीही उंबऱ्यावरनं मागं फिरलो होतो.

फळीखालच्या बाकावर त्या चपलांचे मालक बसलेले असत. एक पाय अनवाणी, एक बाही कोपराच्या वर गुंडाळलेली, आणि हाताच्या आतल्या बाजूला रुपयाएवढं जांभळं वर्तुळ. सगळ्यांची तोंडं पुटपुटत असत. जप चाललाय असं वाटायचं. जवळ गेलं की शब्द कळायचे.

"आजा. आज्जी. थोरला चुलता. त्येची पैली बायकू. आत्याचा नवरा, हिरीत पडल्याला."

आपापल्या घरातली मेलेली माणसं मोजत बसलेले असत सगळे. भर दुपारी, रस्त्यावर टांग्यांची आणि सायकलींची वर्दळ चालू असताना.

आणि त्यांच्यासमोर लोखंडी स्टुलावर, पाठ सरळ ठेवून, पापणी न हलवता तो बसलेला असे. कंपौंडर. वयानं आमच्या वडिलांच्या बरोबरीचा. पाठीमागं सगळी पेठ त्याला अरेतुरे करायची, तोंडावर मात्र कुणाची टाप नव्हती. उंच, काटक, पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, डोक्याला काळी टोपी. स्पिरिटचा वास त्याच्या आधी खोलीत यायचा आणि तो गेल्यावर बराच वेळ मागं रेंगाळायचा. त्याच्या शेजारी एक ट्रे असे आणि ट्रेवर पांढरं फडकं. फडक्याखाली काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. त्याला मात्र ते अधूनमधून बोटानं चाचपून बघायची सवय होती. ते जागेवर आहे ना, अशा बेतानं.

ही सगळी तयारी पेनिसिलिनच्या सुईची. त्या दिवसांत फुफ्फुसाचा ताप असो, चिघळलेली जखम असो, रक्तात विष उतरायला लागलेलं असो, त्या एका औषधानं मरणाच्या दारातली माणसं परत यायची. लोकांना ते अमृत वाटायचं. ह्या एका माणसाला मात्र त्या बाटलीची भीती वाटायची, आणि ती भीती त्यानं आमच्या पेठेत रुजवून ठेवली होती.

त्याची रीत ठरलेली. आधी डावी चप्पल काढून घ्यायची. मग औषध पाण्यात अगदी पातळ करून त्याचा थेंबभर हाताच्या कातडीत टोचायचा. तिथं मसुराएवढा फुगा यायचा. त्याच्याभोवती, ओली केली की शाईसारखी उमटणारी पेन्सिल असते ना, तिनं वर्तुळ काढायचं. मग अर्धा तास समोर बसायचं. फुगा वर्तुळातच राहिला, विरला, तर खरी सुई. त्यानंतर पुन्हा अर्धा तास बसायचं, तेव्हा चप्पल परत. हुपरीची बस चुकते, पोरं शाळेतनं येतील, असलं काही चालायचं नाही. एका चपलेनं बस गाठायची असेल तर खुशाल गाठा, म्हणायचा.

मेलेल्यांच्या यादीचा खुलासा मी पुढं ओळख झाल्यावर त्याच्याकडनंच काढून घेतला.

"घसा आतनं सुजाय लागला की आवाज बदलतोय," तो म्हणाला. "मानसाला कळायच्या आत मला कळाय पायजे. म्हणून बोलतं ठेवायचं."

"मग मेलेलीच कशाला? जितीजागती सांगू देत की."

"जित्यांची नावं घ्याय लागली की भांडणं निघत्यात. ह्यानं बांध कोरला, त्येनं बैल न्हेला. आवाज चढतोय, मग मला काय कळत न्हाय. मेलेल्यांची यादी सरळ ऱ्हाती. सूर हलत न्हाय."

तो हे गंमत म्हणून सांगत नव्हता. त्याला गंमत हा प्रकार ठाऊक नव्हता.

आणि चप्पल. फळीच्या वर एका खिळ्याला एक चप्पल कायमची लटकत असायची. पुरुषाची, डावी, चामडं वाळून लाकडासारखं झालेलं. ती कुणाची म्हणून एकदा मी विचारलं. तो ट्रे पुसत होता. पुसणं न थांबवता म्हणाला, "दुसऱ्या गावाला हुतो तवाची. गडी हसत आला. म्हणाला, मी आदी दोनदा घेतलीया, काय हुत न्हाय, लौकर मारा, बाजार हाय. मारली. उठला, दारात गेला, एका पायात चप्पल घातली. दुसरी ऱ्हायली."

एवढंच. पुढं काही नाही. नाटकात असता तर ह्या जागी मी केवढा टाहो फोडला असता. त्यानं फडकं पिळलं आणि दोरीवर वाळत टाकलं.

तो गडी गेला त्या दिवसापासून असेल किंवा आधीपासून, त्याला माणसांची तोंडं दिसेनाशी झाली होती. म्हणजे डोळे उत्तम होते. सुईच्या भोकातनं पलीकडचा रस्ता बघायचा. पण तोंडाकडं बघायचाच नाही. हात बघायचा. बोलायचा तेही हाताशी. मनगटावर दोन गार बोटं ठेवून, "काय, परवाची खाज गेली का?" असं तो हाताला विचारायचा आणि वर कुठंतरी असलेलं डोकं उत्तर द्यायचं. सकाळी भाजी मंडईत शेवग्याच्या शेंगा निवडताना मागनं तुमची बाही कुणीतरी वर सारली तर दचकायचं कारण नव्हतं, तो असायचा. "ह्यो कालचा. बरा हाय." एवढं म्हणून पुढं. एकदा तर स्टँडवर हुपरीची बस निघाली आणि खिडकीतनं एक हात बाहेर आला होता, नुसता हात, तर हा बसच्या मागं पळत सुटला. बस थांबवली, आत चढला आणि एका म्हातारीच्या हाताला म्हणाला, "तिसरी सुई घ्याय आला न्हाईस. पाच हाईत." म्हातारीनं बसमधल्या सगळ्यांच्या देखत हात जोडले. लोक म्हणाले, सावकार असावा. कंडक्टर म्हणाला, त्यापेक्षा वाईट.

आमची हकिगत झाली त्याच्या पुढल्या वर्षीची एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण ती सांगितल्याशिवाय तो कळणार नाही. पावसाळ्याच्या तोंडाला पंचगंगेत एक प्रेत सापडलं. दगडांवर आपटून तोंड ओळखण्यासारखं राहिलं नव्हतं. दोन घरची माणसं घाटावर आली, दोन्हीकडची बाई म्हणायची आमचाच, आणि मग म्हणायची, नसंल. कुणाला तरी ह्याची आठवण झाली. हा आला. तोंडावर टाकलेल्या कापडाकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. बाजूला उकिडवा बसला, उजवा हात हातात घेतला, पालथा केला, उलथा केला, अंगठ्यानं पुसला. नाडी बघतोय की काय असं वाटलं आम्हाला.

"दोन वरसं झाली," तो म्हणाला. "पायात सळी शिरलीती. पाच दिवस सांगितल्यालं, तीनच दिवस आला." आणि नाव सांगितलं.

ते बरोबर निघालं. त्याची बायको रडायला लागली तेव्हा हा अजून तो हात धरूनच बसला होता. कुणीतरी म्हणालं, सोडा आता. तर म्हणाला, "दोन दिवस ऱ्हायल्यात ह्येचे." त्यानंतर पेठेतली पोरं त्याच्या वाऱ्याला उभी राहिनात.

आता आमची हकिगत.

आम्ही दोघे भाऊ. मी मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर कारकून, आणि माझ्याहून पाच वर्षांनी थोरला दादा उद्यमनगरात एका फौंड्रीत. दादा म्हणजे दरवाजा. वितळलेल्या लोखंडाची पळी दोन हातांत धरून तंबाखू चघळत चालायचा. पण सुई म्हटली की त्याच्या ओठावरचं रक्त उतरायचं. लहानपणी देवी टोचणारा गल्लीत आला तेव्हा हा दिवसभर कौलावर बसून होता, आणि खाली उतरवायला आईला चुलत्यांना बोलवावं लागलं होतं.

एकदा त्याच्या डाव्या पायाच्या पंजावर लोखंडाचा थेंब सांडला. दादानं त्यावर हळद भरली, वर चिंधी बांधली आणि आठवडाभर कामावर गेला. आठव्या दिवशी पाय गुडघ्यापर्यंत तांबडालाल, मांडीत गाठ, आणि थंडी वाजून इतका ताप की खाट हलायची. टांग्यात घालून दवाखान्यात आणला. डॉक्टर माणूस चांगला होता, पण बाहेर तीस पेशंट. त्यांनी पाय बघितला, मांडी दाबली आणि आईला बाजूला घेऊन म्हणाले, "विष रक्तात उतरतंय. पेनिसिलिन आजच सुरू करायला पाहिजे, दर सहा तासांनी. उशीर झाला तर पायाचं नाही, माणसाचंच काही खरं नाही." आणि कंपौंडरला टेस्ट करायला सांगून बाहेर गेले.

दवाखान्याच्या मागं तीन खाटांची खोली होती. एका खाटेवर दादा, बाकी दोन रिकाम्या. आई स्टुलावर.

"टेस्ट म्हंजे काय गं?" दादानं दातांवर दात आपटत विचारलं.

"बाटलीतलं औषध बिघडलंय का चांगलं हाय, ते बघत्यात," आई म्हणाली. तिच्या बोलण्यात खात्री होती, कारण आयुष्यात तिनं दूध, तेल, गूळ सगळं असंच बघून घेतलं होतं.

"मग ते माझ्यावरच कशापायी? एक तर खरी सुई घ्यायचीच हाय. वर ही आणि येक."

आई विचारात पडली. तिनं दादाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"खरं हाय की," ती म्हणाली. "आमटीचं मीठ काय साऱ्या घरानं चाखाय लागतंय व्हय? एकानं चाखलं की कळतंय. आणि तुम्ही दोघं एका पोटचीच."

तुम्ही हसाल. आम्हाला तेव्हा हे इतकं सरळ वाटलं की आधी कुणाला कसं सुचलं नाही याचं नवल वाटलं. माझं म्हणाल तर मला नुसती भूमिका हवी होती. कंपौंडर तोंड बघत नाही हे सगळ्या पेठेला ठाऊक. आम्ही दोघांनी धरून दादाला शेजारच्या खाटेवर सरकवला, डोक्यापासून पायापर्यंत चादर घातली, आणि त्याच्या घामेजलेल्या खाटेवर मी जाऊन पडलो. तोंडावर पांघरूण, एक हात बाहेर.

स्पिरिटचा वास आला. मग दोन गार बोटं मनगटावर टेकली.

"नाव?"

मी दादाचं नाव सांगितलं, कण्हत. कण्हणं इतकं चांगलं साधलं होतं की आईनं खरोखर डोळ्याला पदर लावला.

"काम?"

"फौंड्रीत."

बोटं माझ्या हातावरनं कोपरापर्यंत गेली आणि क्षणभर थांबली. मग परत खाली आली.

"आदी कवा सुई घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या? खाज? दम लागला?"

"न्हाई."

"घरात कुणाला?"

"न्हाई."

आपल्याच प्रकृतीची उत्तरं देतो तशी मी दादाची उत्तरं देऊन टाकली. टोचल्याचं कळलंसुद्धा नाही. पेन्सिल ओली करून त्यानं वर्तुळ काढलं आणि म्हणाला, "बोल आता. घरातली मेलेली."

अर्धा तास फार मोठा असतो. आजा, आजी, वडील, दोन चुलते, एक मावशी झाल्यावर आमच्याकडची मेलेली माणसं संपली. थांबलो की स्टुलावरनं आवाज यायचा, "पुढं." मग मी अडतीचा मालक मारला. हेडमास्तर मारले. दोन सोयरे मारले ज्यांनी दादाला मुलगी नाकारली होती. आणि भूमिकेच्या भरात शेवटी म्हणून टाकलं, "धाकटा भाऊ."

शेजारची चादर फुसकन हसली. आईनं खोकून झाकलं.

कंपौंडर हात उजेडाकडं वळवून बराच वेळ पाहत राहिला. "सवच्छ हाय," म्हणाला, आणि खरी सुई भरायला निघून गेला.

तो जाताच आमची धांदल. दादा परत आपल्या खाटेवर, मी शेजारच्या खाटेवर चादरीखाली. अडतीवरच्या पोत्यांवर खुणा करायची तसलीच पेन्सिल माझ्या खिशात कायम असायची. थुंकी लावून मी दादाच्या हातावर वर्तुळ काढलं. जागा तीच, माप तेच. माझ्या मतानं हुबेहूब.

तो आला. एका हातात ट्रे, ट्रेवर भरलेली काचेची सिरिंज. मी चादरीच्या विणीतनं बघत होतो. त्यानं सवयीनं दादाचा हात धरला, आणि सिरिंजकडं गेलेला त्याचा दुसरा हात मध्येच थांबला.

खोलीत दादाचं धापा टाकणं तेवढं ऐकू येत होतं. कंपौंडरनं वर्तुळावरनं अंगठा फिरवला. मग कोपराकडं, मग मनगटाकडं. दादाचा हात मनगटापासून कोपरापर्यंत ठिणग्यांच्या डागांनी भरलेला होता. तीळ पेरल्यासारखा.

सिरिंज त्यानं ट्रेमध्ये ठेवली. तिच्यावर फडकं टाकलं. आणि अगदी साध्या आवाजात, हरवलेली किल्ली विचारावी तसं विचारलं,

"मघाचा हात कुठं गेला?"

मी श्वास रोखून पडलो होतो. कंपौंडर वळला. माझ्या खाटेशी आला. चादर उचलली नाही. चादरीवरनं नुसता तळवा फिरवत गेला, छातीवरनं, खांद्यावरनं, आणि वरूनच माझं मनगट बरोबर धरलं.

"ह्यो," तो म्हणाला.

मी खलनायकाची भूमिका पाच वर्षं केलीय. इतका भ्यालेला मी स्टेजवर कधी दिसलो नाही आणि दिसूही शकलो नसतो.

"औषध तेच की वो कंपौंडर," आई रडकुंडीला येऊन म्हणाली. "चांगलं निघालं न्हवं? आणि एका रक्ताची पोरं हाईत माझी."

"औषध चांगलंच हाय, आक्का. बाटली मला ठावं हाय. मी मानूस बघत हुतो." तो दादाच्या खाटेवर बसला. "एका पोटची, पर तोंडं दोन हाईत न्हवं? तशी कातडी बी दोन."

मग त्यानं नवा थेंब तयार केला. दादा भिंतीकडं सरकत गेला. मी आणि आईनं त्याला दाबून धरलं. टोचलं, वर्तुळ काढलं. दादाच्या हातावर आता दोन जांभळी वर्तुळं होती, एक खोटं आणि एक खरं.

"बोल," कंपौंडर म्हणाला.

"आजा," दादा म्हणाला. "आज्जी. बाबा."

फुगा मसुराएवढा होता. मग वाटाण्याएवढा झाला. मी बघत होतो तोवर त्याच्या कडेनं पाय फुटल्यासारखे फुटले आणि वर्तुळाची रेघ ओलांडून बाहेर सरपटायला लागले. खोट्या वर्तुळापर्यंत पोचले, तेही गिळलं.

"थोरला चुलता," दादा म्हणाला, आणि तो आवाज दादाचा नव्हता. मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा. ओठ जाड झाले होते. तो गळ्याशी हात नेत होता.

कंपौंडरनं आधीच ट्रेवरचं फडकं काढलं होतं. मोठ्या सिरिंजच्या शेजारी एक लहान सिरिंज होती, भरलेली, कोंडलेला श्वास मोकळा करणाऱ्या अ‍ॅड्रिनलिनची. रोज सकाळी ती ताजी भरून ठेवायची आणि संध्याकाळी न वापरता ओतून टाकायची, असं तो वर्षानुवर्षं करत आला होता. ती त्यानं दादाच्या मांडीत घातली, आणि मान वळवून, "डॉक्टर," अशी हाक मारली. त्याचा चढलेला आवाज पेठेनं त्या एकाच दिवशी ऐकला. बाहेरच्या बाकावरचं पुटपुटणं एकदम बंद झालं.

डॉक्टर धावत आले. दादाच्या उशा काढल्या, पाय वर केले, आणखी एक सुई, शिरेतनं काहीतरी. मला बाहेर घालवलं. बाकावरचे सगळे एका पायात चप्पल घालून माझ्याकडं बघत होते. फळीखाली उभा राहून मी भिंतीपलीकडचा श्वास मोजत होतो. शिट्टीसारखा लांब. मग थोडा आखूड. मग बऱ्याच वेळानं, माणसाचा.

दादा वाचला. त्याला दुसरं औषध चालू केलं, कडू गोळ्यांचं. पाय उतरायला तीन आठवडे लागले. बोलता यायला लागल्यावर पहिल्यांदा तो मला म्हणाला, "चुलत्याच्या पुढचं नाव जिभंवर आलंतं बघ. माझंच हुतं."

दुसऱ्या दिवशी कंपौंडरनं आईला बोलावलं. एका काचेच्या पट्टीवर पाण्याचा एक थेंब ठेवला, शेजारी सिरिंजभर पाणी ठेवलं. "काल थेंबानं एवढं झालं," म्हणाला, "आणि ही काल माझ्या हातात भरल्याली हुती." आई त्या थेंबाकडं बघत राहिली. मग तिला एकाएकी आठवलं. दादा सात-आठ वर्षांचा असताना आम्ही पेठ वडगावला राहायचो. तिथं एकदा खोकल्यासाठी सुई दिली होती आणि रात्रभर त्याच्या अंगभर गांधी उठल्या होत्या. "आम्ही म्हटलं गरम पडलं," ती म्हणाली. "ताक पाजलं."

"म्हणून इचारतोय मी," तो म्हणाला. "पर काल इचारलं कुणाला? चूक माझी बी हाय. हात धरला, कुणाचा ते बघितलं न्हाय." आणि त्या दिवसापासून तो टेस्टच्या आधी पांघरूण काढून पेशंटच्या तोंडाकडं एकदा बघायला लागला. तो बघायचा ते इतकं अवघड तोंड करून, की लोक म्हणायचे, जुनं होतं तेच बरं होतं.

दादाला घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी एक चिठ्ठी दिली, पेनिसिलिन चालत नाही अशी, कुठल्याही दवाखान्यात आधी दाखवायला. कंपौंडरनं ती वाचली, घडी घातली आणि आपल्याच खिशात ठेवली.

"कागद भिजतोय. हरवतोय," तो म्हणाला. "आणि बेशुद्ध मानूस खिसा उघडून दावत न्हाय. चल."

भर उन्हात तो आम्हा दोघांना महाद्वार रोडला घेऊन गेला. देवळाच्या अलीकडं एक गोंदणारी बाई बसायची, पुढ्यात बॅटरीवर चालणारं यंत्र आणि देवादिकांच्या चित्रांचा तक्ता. दादाला यंत्राची सुई दिसली आणि त्यानं माझा खांदा धरला. कंपौंडरनं चिठ्ठी बाईपुढं ठेवली. वर मोठ्या अक्षरांत लिहून आणलं होतं: पेनिसिलिन देऊ नये.

बाईला वाचता येत नव्हतं. ती आकार बघून गोंदायची. "बायकूचं नाव हाय व्हय?" तिनं विचारलं.

"हिच्यापायी मेलोतो," दादा म्हणाला.

यंत्र गुणगुणायला लागलं. दादानं दात आवळले, घामानं डबडबला, पण हात मागं घेतला नाही. कंपौंडर समोर उकिडवा बसून एकेक अक्षर तपासत होता. अक्षरं पुरी झाली तशी बाईनं मान तिरकी करून काम पाहिलं.

"वर देवाचं नाव घालू का? मोकळं दिसतंय."

"नको. देवाला ठावं हाय," कंपौंडर म्हणाला. "डॉक्टरला न्हाय."

मग त्यानं खिशातनं दुसरी चिठ्ठी काढली. तिच्यावर गोल गोल अक्षरं होती. एका तंबाखूच्या व्यापाऱ्याकडनं तेच कानडीत लिहून आणलं होतं.

"आता हे कशाला?" मी विचारलं.

"ह्येची फौंड्री माल कुठं धाडती?"

"हुबळीला. दादाच जातोय टेम्पोबरोबर."

"मग? तितं पडला तर?"

गोंदणारी बाई म्हणाली, "दुसरा हात लागंल."

कंपौंडरनं मान वर केली. आधी दादाकडं, मग माझ्याकडं बघितलं. कुणी काही बोलायच्या आत दादानं आपला दुसरा हात बाईपुढं ठेवला. मी तोवर माझे दोन्ही हात खिशात घालून दोन पावलं मागं सरकलो होतो.